उजव्या कप्प्याचे वजन

मी वजनाचा काटा बोलतो आहे. आजवर मी केवळ आकड्यांत बोललो, तेही दशांशचिन्हानंतरची चार घरे सांभाळून. शब्दांची मला सवय नाही. म्हणून थोडके सांगेन आणि तोलून सांगेन. तोलण्याच्या बाबतीत मात्र मला कुणी शिकवू नये.

बाजारात बटाटे तोलणारे माझे भाऊबंद आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण आमचे येणेजाणे नाही. त्यांच्या ताटलीत दोन बटाटे कमीजास्त झाले तरी चालतात. माझ्या ताटलीत पापणीचा केस पडला तरी मी ओरडतो. मी काचेच्या घरात राहतो. घराला तीन सरकती दारे आहेत आणि खाली काळ्या दगडाची जाड लादी आहे. शेजारून कुणी पाय आपटत गेले तरी माझे चित्त ढळू नये, म्हणून ती लादी. माणसांनी स्वतःसाठी अशी एखादी लादी का बसवून घेतली नाही, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक लोहचुंबक आहे आणि तारेचे एक वेटोळे आहे. ताटलीवर काही ठेवले की ती खाली जाऊ पाहते आणि वेटोळे तिला वर रेटून धरते. किती रेटावे लागले, तेच वजन. म्हणजे दुसऱ्याचा भार पेलणे आणि तो किती होता ते न वाढवता सांगणे, एवढेच माझे आयुष्य. मला जुळवणारा कारागीर अबोल होता. त्याने एकच वजन माझ्यावर शेकडो वेळा ठेवले. शेकडो वेळा मी तोच आकडा सांगितला. तेव्हा त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो म्हणाला, "जा आता. कुणाची भीड धरू नकोस."

हीच माझी दीक्षा. त्या कारागिराच्या पलीकडे आणखी एक घडवणारा आहे, अशी माझी श्रद्धा आहे. त्याच्याही दारी एक काटा असेल. तिथे काय तोलतात हे मला ठाऊक नाही. भीड चालत नसणार, एवढे नक्की.

माझे पहिले घर म्हणजे औषधे बनवायला शिकवणारे एक महाविद्यालय. तिथली मुले माझ्यापाशी मीठ तोलायला येत आणि स्वतःचे केस तोलून जात. एका पठ्ठ्याने कोरा कागद तोलला, त्यावर पेन्सिलीने झोकदार सही केली आणि पुन्हा तोलला. सहीचे वजन निघाले एका ग्रॅमचे दहा हजारांतले चार भाग. तो दिवसभर कॉलर ताठ करून हिंडला. पुढे तो मोठा अधिकारी झाल्याचे कानावर आले. त्याच्या सहीचे वजन आता वाढले असेल. मला विचाराल तर तेवढेच आहे.

माणसांच्या सवयी तिथेच मला कळल्या. माझ्यापुढे बसणारा माणूस आधी लादीवर कोपर टेकतो, मग ताटलीतला कचरा फुंकरीने उडवतो, मग दार अर्धवट लावतो आणि शेवटचा अंक नाचू लागला की माझ्याकडे संशयाने पाहतो. खोडी त्याच्या कोपराची, नाव माझे! सुरुवातीस मला राग येई. पुढे मी त्यात गंमत घ्यायला शिकलो. कुणी फार ऐटीत कोपर टेकून बसला की मी शेवटचा अंक असा काही नाचवत असे, की तो घाम पुसू लागे. यात मी कधी खोटे बोललो नाही. त्याच्या कोपराचे वजन जसे येत होते तसे सांगत होतो, एवढेच.

काही वर्षांनी मी सध्याच्या प्रयोगशाळेत आलो. इथे मी हृदये तोलतो.

दचकू नका. ती हृदये पांढऱ्या उंदरांची. इथला सारा अभ्यास एका प्रश्नाभोवती चालतो. डोंगरमाथ्यावर असते तशी विरळ हवा एका मोठ्या पेटीत करून उंदरांना तिच्यात तीन आठवडे ठेवतात. हवा विरळ झाली की फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. हळूहळू त्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते आणि आतला दाब चढतो. फुप्फुसांकडे रक्त रेटण्याचे काम हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याचे. वाट अरुंद, म्हणून त्याला जोर जास्त. रोज ओझी उचलणाऱ्या हमालाच्या दंडासारखी त्या कप्प्याची भिंत जाड आणि जड होत जाते. तो उजवा तुकडा वेगळा काढून तोलायचा, उरलेला डावा भाग तोलायचा आणि डावा शंभर धरला तर उजवा किती भरतो ते पाहायचे. साध्या हवेतल्या उंदराचा उजवा शंभरास सव्वीस भरतो. विरळ हवेतून आलेल्याचा किती, ते सांगणारा मी.

पण सगळ्या उंदरांना ती हवा सारखी बाधत नाही. इथे उंदरांची दोन घराणी पाळतात. दिसायला दोन्ही पांढरीशुभ्र. ओळख पटावी म्हणून एका घराण्याच्या पिंजऱ्यावर निळी चिठ्ठी, दुसऱ्याच्या पिवळी. दाणा तोच, पाणी तेच, वय तेच, पेटी तीच. तरी निळ्या घराण्याचे उंदीर धाप लागून मलूल होतात आणि पिवळे तिथेच मिशा साफ करत बसतात. का? हा प्रश्न घेऊन एक मुलगी चार वर्षे माझ्यापुढे बसत होती.

तिचे हात फार चपळ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिच्या वरच्या प्राध्यापिका म्हणजे बाई. बाईंचा चष्मा नेहमी डोक्यावर असे आणि त्या तो टेबलावर शोधत. तिसरे मामा. ते उंदरांच्या खोलीचे रखवालदार. उंदरांना नावे ठेवू नयेत असा तिथे दंडक असताना त्यांनी प्रत्येकाचे बारसे केलेले होते.

आता एक नियम सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यातून घडले. पूर्वी कधीतरी कुणीतरी दोन तबके एकमेकांत मिसळून टाकली होती आणि महिन्याचे काम वाया गेले होते. तेव्हा बाईंनी स्वतःच्या हाताने एक कागद लिहून माझ्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवला: 'नाव घेऊन ठेवा.' कोणताही तुकडा माझ्या ताटलीत ठेवण्याआधी त्याची चिठ्ठी मोठ्याने वाचायची. घराणे, क्रमांक, बाजू. वीस वर्षे इथे प्रत्येकाने हा नियम पाळला. चांगल्या माणसाने, चांगल्या हेतूने केलेला नियम. अशा नियमाकडे पुन्हा वळून कुणी पाहत नाही.

"निळा, चार, उजवा," भिंगरी वाचायची.

"बिचारा," मामा तबक धरून म्हणायचे.

"मामा, प्रत्येकाला बिचारा म्हणायचं नसतं."

"प्रत्येकाला कुठं म्हणतो? पिवळ्यांना म्हटलंय का कधी? ते दांडगे. कसल्याही हवेत कोंडा, खाऊनपिऊन टुणटुणीत. अगदी माझ्या साडूसारखे! निळे आपले माझ्यासारखे. जिना चढलो की संपलो."

"मग तुमचाही उजवा कप्पा तोलायला हवा."

"तोल की. पण आधी रजा मंजूर करून दे."

असे हसतखेळत काम चाले. हसताना भिंगरीचे हात थांबत नसत. चिमट्याने तुकडा उचलायचा, टिपकागदावर टेकवून वरचे ओले टिपून घ्यायचे आणि माझ्या ताटलीत ठेवायचे. साधे काम. पण मी ताटली आहे. माझ्यापासून काही लपत नाही. पिवळ्यांचा उजवा तुकडा येई तो कोरडा. निळ्यांचा येई तो अंगावर एक थेंब घेऊन.

प्रथम मला तो योगायोग वाटला. पुढे पाहिले तर नियमच. "पिवळा" म्हटले की तिचा हात तुकडा दोनदा टिपे. "निळा" म्हटले की एकदाच, तोही हलक्या हाताने, दुखऱ्या जागी मलम लावावे तसा. तिला ठाऊक होते, निळ्याचा उजवा जड भरणार. मग तो जड भरू देण्यात तिच्या हातांना काही वावगे दिसत नव्हते. तिच्या मनाला याचा पत्ता नव्हता. माणसाचे हात मनाच्या आधीच मत देऊन मोकळे होतात.

थेंबाचे वजन ते किती? ग्रॅमचे शंभरातले चार भाग. बटाटेवाला हसेल. पण उंदराचा उजवा कप्पाच जेमतेम ग्रॅमचा तिसरा हिस्सा. तिथे तो थेंब म्हणजे घरात येऊन बसलेला पाहुणा. माणसे मोजताना यजमानांत धरलेला.

मी काय करू शकत होतो? मला वाचा नाही. हट्ट मात्र आहे. वजन स्थिर झाले की मी आकड्याशेजारी एक बारीक ठिपका दाखवतो. तो दिसल्यावरच आकडा लिहायचा असतो. निळ्यांच्या बाबतीत मी ठिपका देईना. देणार कसा? थेंब हवेत उडत होता आणि माझा आकडा पायरी पायरीने खाली उतरत होता. एकावन्न, अठ्ठेचाळीस, त्रेचाळीस. मला वाटले, हिला शंका येईल.

तिला शंका आली, पण माझी.

"हा काटा म्हातारा झालाय," ती म्हणाली आणि ठिपक्याची वाट न पाहता पहिलाच आकडा लिहून मोकळी झाली. पहिला, म्हणजे सर्वांत मोठा.

मी चिडलो, हे कबूल करतो. त्या दिवसापासून मी निळ्यांच्या वेळी असा काही रेंगाळू लागलो, की मामाही म्हणाले, "हा बघ, पुन्हा अडला. निळ्यांवर याचा काय राग आहे कोण जाणे." दोन आठवड्यांत माझ्याविरुद्ध लेखी तक्रार गेली. माझ्या आयुष्यातली ही पहिली तक्रार. ती वाचून मला फार बरे वाटले, कारण तक्रार गेली की तपासनीस येतो.

तोवर भिंगरीचे सगळे तुकडे तोलून झाले होते. चोवीस निळे, चोवीस पिवळे. दोहोंत निम्मे नर, निम्म्या माद्या. निळ्यांचा उजवा शंभरास चौपन्न, पिवळ्यांचा अडतीस. केवढी दरी! शिवाय निळ्यांचे रक्तही अधिक दाट निघाले होते. विरळ हवेत शरीर तांबड्या पेशी वाढवते. निळ्यांनी त्या जरा जास्तच वाढवल्या होत्या. भिंगरीने दोन्ही गोष्टींची गाठ मारली. पाकासारखे दाट रक्त, अरुंद वाट, म्हणून उजव्याला श्रम. नर असो वा मादी, भेद फारसा नाही. सारा दोष रक्ताच्या दाटपणाचा. बाई दोनदा म्हणाल्या होत्या, "रक्तवाहिन्या आवळण्याचंही बघ गं. एकाच कारणाला मिठी मारू नकोस." पण आकडे इतके सुबक होते, की मिठी सुटेना.

प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहून तयार झाले. महिनाअखेर तो सादर केला की एका महाविद्यालयातली शिकवण्याची जागा तिची होणार होती. नाही केला तर जागा दुसऱ्याला. तिची थोरली बहीण रोज फोनवरून विचारी, "संपलं का गं तुझं उंदीरपुराण?" आणि भिंगरी म्हणे, "झालंच, ताई. फक्त छापायचं."

अशा वेळी माझा तपासनीस आला.

ठेंगणा, पिकल्या मिशांचा माणूस. मखमलीच्या पेटीत त्याची प्रमाण वजने, ती उचलायला वेगळा चिमटा, हातात पांढरे मोजे. त्याने माझी दारे पुसली, पाय समतल केले आणि एकेक वजन ठेवायला सुरुवात केली. मी एकेक उत्तर दिले. चारही घरे बिनचूक. ठिपका तत्काळ. त्या माणसापुढे मी कधी खोडी करत नाही.

"काय झालंय याला?" त्याने विचारले.

"अडतो," भिंगरी म्हणाली. "आकडा थांबतच नाही."

"माझ्यापाशी तर थांबला. याच्यात काही दोष नाही, ताई. माझ्यापेक्षा धडधाकट आहे." त्याने मोजे काढले. "तुम्ही ठेवता काय याच्यावर, ते दाखवा."

शीतपेटीत सरावासाठी ठेवलेली चार हृदये होती. मामांनी ती आणली. भिंगरी बसली. पिवळा, उजवा. ठिपका. निळा, उजवा. मी उतरू लागलो.

"बघा, अडला!" भिंगरी म्हणाली.

"पुन्हा एकदा दाखवा," तपासनीस म्हणाला. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. तो तिच्या हातांकडे पाहत होता.

दुसरी जोडी झाली. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "ताई, मला उंदरातलं काही कळत नाही. निळा काय, पिवळा काय, मला दोन्ही किळसवाणे. पण पिवळा म्हणालात की तुम्ही दोनदा टिपता आणि निळा म्हणालात की एकदा. तो ओला असतो, म्हणून काटा थांबत नाही. पाणी उडतंय, तो बिचारा खरं सांगतोय."

"छे! मी सगळ्यांना सारखंच टिपते."

"तसं असेल," तो नम्रपणे म्हणाला आणि पेटी बंद करू लागला.

"मामा, मी सारखंच टिपते ना?"

मामांनी टेबलाकडे बोट केले. "टिपकागद बघ," ते म्हणाले.

टिपकागदावर पिवळ्यांच्या जागी दोन दोन डाग होते. निळ्यांच्या जागी एकेक.

तपासनिसाने आपला कागद भरला. त्याच्या कागदात एकच रकाना माझा होता. त्यात त्याने लिहिले, 'काटा बरोबर.' माणसांसाठी त्यात रकाना नव्हता. तो निघून गेला.

आता ऐका. तपासनीस गेल्यावर हे इथे फक्त दोघांना ठाऊक होते, आणि मामा तिच्या शब्दाबाहेर नव्हते. प्रकरण लिहून तयार होते. बाई वरच्या मजल्यावर होत्या. अठ्ठेचाळीस उंदरांचे तुकडे क्रमांक घातलेल्या कुप्यांत शीतपेटीत पडून होते. ते उबेच्या कपाटात वाळवून कोरडे तोलले असते तर थेंबाचा प्रश्नच उरला नसता आणि खरे काय ते बाहेर आले असते. पण काय बाहेर येईल, हे कुणाला ठाऊक? चौपन्न आणि अडतीस यांतली दरी कदाचित सगळीच थेंबाची असेल. मग चार वर्षे गेली, जागा गेली.

बहिणीचा फोन आला. भिंगरीने तो लादीवर ठेवला आणि आवाज मोकळा केला, त्यामुळे मलाही ऐकू आले.

"एक थेंब?" ताई म्हणाली. "एका थेंबासाठी तू जागा सोडणार?"

"सोडणार असं कुठं म्हटलंय?"

"मग रडतेस कशाला? कोण बघायला बसलंय तुझं टिपणं? आणि मुद्दाम थोडंच केलंस?"

"मुद्दाम नव्हतं, ताई. आतापर्यंत नव्हतं." भिंगरी म्हणाली. "आता गप्प बसले तर ते मुद्दाम होईल."

"मोठी आलीस! आईला काय सांगू मी?"

"सांग, अजून छापायचंय."

फोन बंद करून ती माझ्याकडे पाहत राहिली. बहुधा तिला कुणीतरी काहीतरी सांगायला हवे होते. माझी ताटली रिकामी होती. मी शून्य दाखवले. चार घरे शून्य. माझ्याजवळ दुसरे काही नव्हते.

मामा पायरीवर बसून होते. ते म्हणाले, "पोरी, मी एक सांगू? ते अठ्ठेचाळीस जण माझ्या हाताने गेले. प्रत्येकाला मी घट्ट धरलं होतं, भूल चढेपर्यंत. त्यांच्या हृदयाचं वजन तरी खरं लागू दे."

ती उठली आणि जिना चढून गेली.

बाई तिच्याबरोबर खाली आल्या तेव्हा त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता. ही गोष्ट वर्षातून एखाद्या वेळी घडे. त्यांनी टिपकागद पाहिला. सरावाचा एक तुकडा स्वतः चिमट्यात घेतला आणि सवयीने म्हणाल्या, "निळा, दोन, उजवा." मग त्यांनी तो टिपला. एकदाच.

बाईंनी वर पाहिले. माझ्या डोक्यावर वीस वर्षांपूर्वीचे त्यांचे अक्षर होते.

"नियम माझा आहे," त्या म्हणाल्या. "हात तुझा एकटीचा नाही."

त्यांनी स्टूल ओढले आणि वर चढल्या. मामा "बाई, मी काढतो," म्हणत धावले. बाईंनी ऐकले नाही. कागद फाडला गेला तेव्हा मागे भिंतीचा जुना रंग दिसला, एखाद्या बंद खिडकीसारखा.

मग कामाची नवी रीत ठरली. मामांनी सगळ्या कुप्यांवरच्या चिठ्ठ्या झाकायच्या, आपल्या मनाचे नवे क्रमांक घालायचे, कोणता क्रमांक कुणाचा याची यादी पाकिटात घालून बाईंच्या कपाटात ठेवायची आणि तोलताना खोलीबाहेर बसायचे.

"बाहेर का?" मामा दुखावले.

"तुमचं तोंड वाचता येतं, म्हणून," बाई म्हणाल्या. "निळा आला की तुमचा चेहरा 'बिचारा' म्हणतो."

तुकडे दोन दिवस उबेत वाळले. माझ्यापुढे आले तेव्हा ते काळ्या मनुकांसारखे दिसत होते. मी एकेक तोलला आणि प्रत्येक वेळी लगेच ठिपका दिला. इतक्या सरळपणे वागण्याची सवय नसल्याने मलाच जरा चुकल्यासारखे वाटले. भिंगरी क्रमांक लिहीत होती आणि कुणाचा ते तिला ठाऊक नव्हते. मामांना बाहेर धीर धरवेना. दाराच्या फटीतून ते विचारत, "सतरावा झाला का? सतरावा?" आणि बाई ओरडत, "मामा, फट बंद करा!"

पाकीट उघडले. भिंगरीने आकडे दोन रांगांत लावले. बाई तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. पिवळ्यांचा उजवा शंभरास अडतीस, जसाच्या तसा. निळ्यांचा चौपन्नाऐवजी सेहेचाळीस.

"अर्धी दरी गेली," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

"अर्धी राहिली," बाई म्हणाल्या. "जी राहिली ती उंदरांची आहे. गेली ती आपली होती. थांब, निळ्यांतले नर आणि माद्या वेगळ्या कर."

वेगळ्या केल्या. नरांचा उजवा शंभरास पन्नास, माद्यांचा बेचाळीस. आधीच्या मोजणीत छप्पन्न आणि बावन्न होते. मादीचे हृदय लहान. थेंब मात्र नराच्या हृदयावर बसला तेवढाच. लहान हृदयावर तो अधिक भारी ठरला आणि मादीचे आकडे त्याने नराजवळ नेऊन बसवले होते. निळ्या माद्या ती हवा बरीच चांगली सोसत होत्या, आणि हे त्या एका थेंबाखाली बुडून गेले होते. त्यांचे रक्त तर नरांइतकेच दाट होते! मग दाट रक्तावर सगळा दोष टाकलेला तो सुबक निष्कर्ष उभा राहणार कसा? मादीच्या अंगात असे काय आहे की वाट अरुंद होताहोता सावरते? रक्तवाहिन्या कमी आवळतात, की भिंती कमी जाड होतात? तयार झालेले प्रकरण मोडले आणि त्याच्या जागी एक प्रश्न उभा राहिला. प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा होता.

"वर्ष लागेल," भिंगरी म्हणाली.

"लागेल."

"जागा जाईल."

बाईंनी त्या महाविद्यालयात फोन केला. दोन वेळा केला. तिथले गृहस्थ सभ्यपणे बोलले आणि जागा गेली. ताई आठ दिवस भिंगरीशी बोलली नाही. नवव्या दिवशी फोन आला, "जेवतेस का वेळेवर?" एवढेच विचारून बंद झाला. भिंगरी त्यावर बराच वेळ हसली. नंतर तिने डोळेही पुसले, टिपकागदाने, दोनदा.

बाईंचे वीस वर्षांचे जुने निबंध होते. ती सगळी हृदये नाव घेऊन तोललेली. त्यांच्या कुप्या आता उरलेल्या नाहीत. वाळवायला काही नाही. बाईंनी जिथे जिथे ते निबंध छापले होते तिथे तिथे पत्र लिहिले, की वजने करताना घराणे ठाऊक होते, वाचकांनी आकडे त्या बेताने घ्यावेत. पत्रे लिहून झाली तेव्हा त्या माझ्यापाशी आल्या. माझ्या ताटलीत त्यांनी काही ठेवले नाही. नुसत्या बसल्या आणि उठून गेल्या. त्या दिवशी त्यांचे वजन किती कमी झाले, ते सांगण्याइतका मोठा काटा मी नाही.

आता माझे वय झाले आहे. डावे दार सरकताना कुरकुरते. पडद्यावरच्या आठाची एक रेघ पुसट झाल्याने तो कधी कधी सहासारखा दिसतो. म्हणून भिंगरी प्रत्येक आठ दोनदा वाचते आणि मी तिला तिसऱ्यांदा वाचायला लावतो. थोडी खोडी अजून बाकी आहे. माझ्यानंतर इथे नवा काटा येईल. तो अधिक घरे दाखवील आणि अधिक मिजास करील. त्याचे मला दुःख नाही.

तुम्हांला एकच विनंती आहे. कोणत्याही काट्यापुढे या, तेव्हा उत्तर हातात घेऊन येऊ नका. तुमची लबाडी मी पकडू शकतो, कारण लबाड माणूस माझ्यावर कोपर टेकतो. तुमची माया मात्र मला पकडता येत नाही; ती थेंब होऊन येते आणि मी तिचेही वजन सांगून टाकतो.

कालच एक कुपी आली. तिच्यावर फक्त एकतीस लिहिले होते. मामा बाहेर, यादी पाकिटात, पाकीट कपाटात. भिंगरीने तुकडा ठेवला, दार लावले, लादीवरचे हात काढून मांडीवर घेतले. एकतीस म्हणजे कोण, तिला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. काय येईल ते येवो, असा तिचा चेहरा होता आणि ओठ किंचित हलत होते. देवघराशी माझा संबंध नाही, पण माणसे तिथे काय करतात ते मी ऐकून आहे. ते हेच असावे.

मी वजन सांगितले. तिने ते जसे होते तसे लिहून घेतले.